सेल्फ पाव्हण्यांसाठी

—हीच ती. फोटोत दिसती तीच, दुसरी कुठली न्हाई. फोटोत निळी दिसती आन् इथं मातकट, त्येचं काय हाय, फोटो काढायच्या दिवशी धुतली होती. आगं तिथं नको बसू माय, त्या खुर्चीचा एक पाय इटेवर हाय, जरा हललीस की आडवी होशील — इकडं ओट्यावर ये, लिंबाची सावली हाय. पाणी घे. रुमाल सोड की तोंडाचा, इथं कुठं ऊन लागायलंय? — राहू दे? बरं, राहू दे. आजकाल तुमी समद्याच पोरी तसल्या, स्कूटीवर नुसते दोन डोळे दिसतात, माणूस कोण ते कळत न्हाई. परवा गेवराईच्या स्टँडवर माझी सख्खी भाची समोरून गेली, मी म्हणलं कोण ही भवानी इतकं टकामका बघायली. भावासाठी बघायलीस न्हवं गाडी? शेजारच्या आफ्रीनला फोनवर तसंच सांगितलंस, गेवराईची हाय म्हून. मग भाऊ कावून न्हाई आला? — कामावर हाय. बरं. असू दे, बाईमाणूस आलीस तेच बरं झालं. गडी माणूस आला की आधी चाकाला लाथ घालतो आन् मग म्हणतो, मावशी, मालकांना बोलवा.

मालक न्हाईत घरी. पोरगा बी न्हाई. दोघं मोटारसायकलवर बीडला गेलेत, सीटकव्हर आणायला — कशाच्या म्हणजे? ह्याच गाडीच्या. हसतीस काय? त्यांना ठाऊकच न्हाई गाडी विकायला काढलीय ते. ते कव्हर आणायलेत आन् मी गिऱ्हाईक. — आगं चोरीची न्हाई, भिऊ नको! माझ्या नावावर हाय. कागदावर नाव बघ, विमलबाई अर्जुनराव, सही बी माझी. ते कसं झालं सांगू का? आमच्या मालकांनी ही घेतली ती लग्नाच्या आधी, एका पुढाऱ्याकडनं, जुनीच. मग लग्नानंतरच्या इलेक्शनात उमेदवार ह्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून समद्या तलवाड्यात हात जोडत फिरला. आमचे मालक ड्रायव्हर. महिनाभर घरी जेवायला न्हाईत, नुसतं भाषण. आन् तो आपटला. असा आपटला की डिपॉझिट बी हाती लागलं न्हाई. मग एक जोतिषी म्हणला, अर्जुनराव, ह्या गाडीची आन् तुमची रास जुळत न्हाई, लक्ष्मीच्या नावावर करा. लक्ष्मी कोण? मी. तवापासून माझ्या नावावर हाय, पण पुढच्या सीटवर उमेदवार बसलता म्हून तिथं कुणाला बसू देत न्हाईत. मला तर न्हाईच न्हाई.

तर गाडीचं सांगते. आफ्रीननं बजावलंय, काकू, जास्त बोलू नका, 'गाडी चांगली हाय, घरची हाय' इतकंच म्हणा आन् गप बसा. आता मला गप बसता आलं असतं तर सत्तावीस वर्षं ह्या घरात बोलणी खाल्ली असती का? डिझेल किती पिती — लिटरला नऊ. आमचे मालक अकरा सांगतात. आमच्या शेजारच्या अमीरबीचा दीर हाय रईस, नाक्यावर गॅरेज हाय त्याचं, तो म्हणतो भाभी, आठ समजा. मी मधलं धरलंय. आन् बाकी खर्च मला रुपयात विचारू नको, मी शेळीत मोजते. पंप आन् नोझल केले तवा माझी काळी गेली, गाभण होती. मागचे स्प्रिंगचे पाटे मोडले तवा दोन पाठी गेल्या, तरण्या शेळ्या. पंधरा वर्षं झाल्यावर गाडीचं पासिंग पाच-पाच वर्षाला येतं, त्येला बोकड. आगं तो बोकड बकरीदला विकला असता तर दुप्पट आला असता, पण पासिंगची तारीख कुठं थांबती बकरीदला? टायरला एक. गळतं ऑइल तर रोजचंच, खाली घमेलं ठेवलंय बघ, ते भरलं की शेजारी बिजागऱ्यांना न्येतात. दावणीला एके काळी सात शेळ्या होत्या. आता दावं हाय, सात खुंट्या हायेत आन् ही गाडी हाय. मी मालकांना म्हणलं, हिला त्या खुंटीला बांधा, दूध तरी देती का बघू. तर दोन दिस बोलले न्हाईत माझ्याशी. लई बरं गेले ते दोन दिस.

न्हाई पण, कामाची न्हाई असं मी म्हणायची न्हाई. खोटं कावून बोलू? कापूस न्हेलाय, कडबा न्हेलाय, धर्मापुरीच्या देवळाला एकदा सतरा माणसं न्हेलीत, त्यात माझी सासू पुढं, तिला बसू दिलं होतं, ती उमेदवारापेक्षा वजनदार. ही आफ्रीन, जिनं तुला फोटो धाडला न्हवं मोबाइलवर, तिच्या जन्माची गोष्ट सांगू? अमीरबीला कळा सुरू झाल्या, समदं गाव झोपलेलं, तिचा नवरा खाजामियाँ धावत आला, भाभी, जीप काढा. काढली. आता निघाली तर निघाली, दवाखाना हाकेवर आला आन् त्येच्या फाटकाच्या अलीकडं ही बया बंद. मालक स्टेअरिंगला. ढकलायला मी आन् खाजामियाँ. हलंना. तर आतनं अमीरबी म्हणती — खरंच सांगते, कुराणाची शपथ घेऊन ती आज बी सांगती — म्हणती, रुको, मी बी उतरते, वजन कमी होईल. मी म्हणलं, आगं तू उतरलीस तर वजन दोन जागी होईल, गप बस! अशी हसली ती, त्या हसण्यानंच निम्मं काम झालं. फाटकातच झाली आफ्रीन. म्हून ती मला काकू म्हणती आन् ह्या गाडीला मावशी. तीच आज मावशीला विकायला बसलीय, काय करणार, मीच सांगितलं.

ढकलावी लागती का? — आता आलीस बघ मुद्द्यावर. बाकीचे कुणी विचारत न्हाईत हे. लागती. न्हाई, सेल्फ हाय! बटन दाबून चालू करायचा सेल्फ बसवलाय, रईसनंच बसवला, चांगला चालतो. बॅटरी बी नवी हाय. पण ती इथं न्हाई, रईसच्या दुकानात हाय. आमच्या मालकांचं असं म्हणणं हाय, सेल्फ वापरला की बॅटरी उतरती, बॅटरी उतरली की झिजती, मग झिजवायची कशाला? डिझेल गाडीला चालायला बॅटरी लागत न्हाई माय, जुनी हाय ही, एकदा पेटली की पेटली, बंद करायला ती तार ओढायची. मग पेटवायला माणूस हाय की घरात. फुकटचं. म्हून सेल्फ पाव्हण्यांसाठी. पाव्हणे यायचे असले की आदल्या दिवशी बॅटरी आणायची, जोडायची, पाव्हण्यांसमोर मालक रुबाबात बसणार, बटन दाबणार, घर्रर्र — पाव्हणे म्हणणार, काय मशीन हाय अर्जुनराव, इतक्या वर्षांनी बी एका झटक्यात! पाव्हणे गेले की बॅटरी परत दुकानात. सोन्याची माळ लॉकरात ठेवावी तशी. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी हाक येती — विमल, चल, लाव हात.

कशी ढकलायची ते तुला बघायला पायजे, भावाला सांगशील. ती बघ, गाडी तोंड खाली करून लावलीय, पुढं उतार हाय मारुतीच्या पारापर्यंत. पण उतार सुरू व्हायच्या आधी चार हात सपाट हाय न्हवं, ते चार हात माझे. पदर खोचायचा, डावा खांदा मागच्या फळीला लावायचा, पाय त्या दगडात आडकवायचा — तो दगड बघ, मधोमध झिजलाय, मीच झिजवलाय. मग मालक दुसरा गिअर टाकून बसतात आन् ओरडतात, हां, हां, आजून, आजून! जणू मी बाळंत व्हायलेय. मग ती उताराला लागती, क्लच सोडतात, एक हिसका, आन् तोंडावर धूर. काळा कुट्ट. नळी बरोबर माझ्या तोंडापुढं येती बघ, ज्यानं गाडी केली त्येला काय ठाऊक मागं कोण असतं ते. माझी पातळं बघ समदी — गडद जांभळं, गडद हिरवं, काळं. लोकांना वाटतं विमलबाईला गडद रंग आवडतो. मला पोपटी आवडतो! मला आबोली आवडतो! — आन् नुसतं ढकलून भागत न्हाई, पेटली की पळत जाऊन मागनं चढायचं, कारण थांबवली तर बंद पडती. पन्नाशीला आले मी. गावातली पोरं म्हणतात, काकू, पोलीस भरतीला उतरा.

पहिल्यांदा कवा ढकलली? — लग्नाच्या दिवशी. थट्टा न्हाई. माजलगावकडचं माझं माहेर, लग्न लागलं, वऱ्हाड ट्रॅक्टरमधी पुढं गेलं, मागं ही जीप, त्यात नवरदेव, मी, करवली आन् दोन म्हाताऱ्या. निम्म्या वाटंत बंद. नवरदेव स्टेअरिंगला बसणार, ते तर ठरलेलंच, स्टेअरिंगला जाणता माणूस पायजे. करवली आठ वर्षाची. म्हाताऱ्या म्हाताऱ्याच. मग राहिलं कोण? हळदीच्या अंगानं, शालू गुडघ्यापर्यंत वर घेऊन, मुंडावळ्या कानामागं टाकून मी ढकललीय बाई ही. आन् ह्यांनी मागं वळून पहिलं वाक्य काय बोलावं माझ्याशी? मंगळसूत्र घालून चार घंटे झालेले. म्हणले, 'जोर हाय तुझ्यात.' मी — सांगायला लाज वाटती — मी लाजले गं! मला वाटलं कौतुक केलं. ते कौतुकच होतं. आज बी कौतुकच करतात ते. वाईट माणूस न्हाई तो, कधी हात उगारला न्हाई, कधी दारू न्हाई, फक्त त्येला स्टेअरिंगवरनं मागचं दिसत न्हाई. त्या शालूवर पडलेला डाग मी तीनदा धुतला. डिझेलचा डाग हाय तो, जात नसतो.

मग आत्ताच का विकायलीस, सत्तावीस वर्षं काय झोपलती का — असंच म्हणायचंय ना तुला? म्हण की, मी बी मलाच म्हणते. त्येचं असं झालं. आमचा पोरगा हाय, इज्या, विजयसिंह. सव्वीसचा. त्येला पोरी बघायलोत. आन् आता पोरीवाल्यांना काय पायजे, तर दारात चारचाकी. नोकरी विचारतात, शेती विचारतात आन् मग चारचाकी विचारतात. मग आमच्या मालकांनी बायोडाटात लिवलं — 'स्वतःची चारचाकी'. फोटो बी काढला, गाडी धुऊन, इज्या तिला टेकून, गॉगल घालून, असा उभा जणू गाडीचा कारखानाच त्याचा हाय. गॉगल रईसच्या पोराचा. तो फोटो इतका झकास आला की आफ्रीननं विकायला बी तोच टाकला — तिनं त्यातनं इज्याला कापला आन् गाडी ठेवली. नीट बघितलंस तर डाव्या बाजूला त्याचं कोपर राहिलंय, घड्याळासकट. मी म्हणलं ते बी काप, तर म्हणती काकू, मग आरसा कापला जातो.

तर रविवारी पाव्हणे यायलेत. कड्याचे. पोरगी शिकलेली हाय, गेवराईला लॅबमधी रक्त तपासती म्हणं, तेजश्री का काय नाव. फोटो दाखवला मालकांनी, पण त्यांच्या मोबाइलची काच फुटलेली, एका डोळ्यावरनं तडा, नुसती हनुवटी आन् तिच्यावरचा तीळ तेवढा नीट दिसला. बरी वाटली हनुवटी. आन् त्याच रात्री जेवायला बसल्यावर मालक मला म्हणतात — लई मायेनं म्हणले, वाढून घेता घेता, खोटं न्हाई सांगत — म्हणतात, 'आता तुझे कष्ट सरले विमल. सून आली की दोघी मिळून ढकला, हलकी जाईल तुला.'

...

मी घास तसाच ताटात ठेवला. त्यांना वाटलं त्यांनी मला दागिना दिला. मी रातभर त्या पोरीची हनुवटी बघायले डोळ्यापुढं. ती लॅबमधनं येणार, पांढरा कोट घालून, आन् हे म्हणणार, चल पोरी, लाव हात, आन् मी तिला दगड दाखवणार — इथं पाय आडकव, मी झिजवून ठेवलाय तुझ्यासाठी. सासूनं सुनेला काय द्यावं? पाटल्या देतात, पोहेहार देतात. मी दगड देणार? म्हून सकाळी उठले आन् आफ्रीनला म्हणलं, काढ गं तुझा मोबाइल, मावशीला वाटंला लाव. रविवारच्या आत दारातनं गेली पायजे. मग पोरीवाले न्हाई म्हणले तर म्हणू देत. चारचाकीसाठी येणारी आसंल तर तिनं येऊच नये, आन् माणसासाठी येणारी आसंल तर तिला धूर नको.

काय? — इज्या ढकलत न्हाई का म्हणतीस? पोरगा हाय की धडधाकट. ढकलतो ना. म्हणजे — ढकलतो, न्हाई असं न्हाई. कुणी बघत नसलं की. पहाटे-बिहाटे. लहानपणी ढकलायचा, मागनं माझ्या पायात पाय घालायचा, आई मी, आई मी. मिसरूड फुटलं आन् मग स्टेअरिंगला बसायला लागला. आता मालक नसले की तो बसतो आन् तो बी तसंच ओरडतो, हां, आजून. बापाचाच आवाज. मी म्हणलं त्येला एकदा, तू उतर, मी बसते स्टेअरिंगला. हसला. आई, लोक काय म्हणतील, म्हणला. मला ढकलताना बघून लोक काय म्हणतात ते त्येला ऐकू येत न्हाई, मला ऐकू येतं. — पण पोरगा गोड हाय गं, तसं समजू नको. मला ताप आला तर रातभर बसतो. फक्त...

एक मिनिट. तू भावासाठी गाडी बघायलीस आन् मघापासनं इचारतीस काय, तर इज्या ढकलतो का, मालक पितात का, घरात कोण कोण. बॉनेट तर उघडून बघितलं न्हाईस. किंमत बी विचारली न्हाईस अजून! गिऱ्हाईक किंमत आधी विचारतं. — बरं बरं, घाबरू नको, बाईमाणूस चौकशी करणारच, मी बी मेथीची जुडी घ्यायची तर बाईच्या घरचं समदं विचारून घेते. थांब, च्या आणते. न्हाई म्हणायचं न्हाई. केलाच हाय, चुलीवर उकळायलाय.

—हं, घे. आता तरी सोड तो रुमाल, च्या काय डोळ्यानं पिणार हायस? सोड, आपण दोघीच हाव. हां. अशी. बघ किती बरं वाटलं आसंल वाऱ्याला — थांब.

हनुवटी वर कर जरा.

व माय.

हा तीळ... न्हाई, न्हाई, तू गेवराईची न्हाईस. तू कड्याची. तू — आगं माय माय माय. काय काय बोलले मी! शेळ्या सांगितल्या. धूर सांगितला. बॅटरी सांगितली, आता रविवारी मालक बटन दाबतील तवा तुझा बाप वा वा म्हणंल आन् तू माझ्याकडं बघशील, मी कुठं बघू? आफ्रीन म्हणली होती, काकू जास्त बोलू नका. — पण तुला कळलं कसं? काय दाखवतीस... मोबाइल. हा आपला जाहिरातीतला. आन् हा... हा बायोडाटातला. तीच गाडी, तोच लिंब. आन् हे — कोपर. कोपरावरनं ओळखलंस! घड्याळावरनं! तरी मी तिला म्हणलं होतं काप म्हून, आरसा गेला तर गेला. तू म्हणलीस ह्यांनी बायोडाटात चारचाकी लिवली आन् आठ दिवसात विकायला काढली, घरात कायतरी पाणी मुरायलंय. बरोबर हाय. मी तुझ्या जागी असते तर मी बी आले असते. मी तुझ्या जागी होते, पण तवा कुणाला जाऊन विचारायचं ते कळायचं न्हाई. तू आलीस. शाबास.

रडू नको मी? मी कुठं रडायलेय, च्याची वाफ हाय. ऐक, आता सोंग नको, खरं सांगते, तुला जसं वाटंल तसं कर. पोरगं नेक हाय, कष्टाळू हाय, घरात खायला कमी न्हाई. पण ह्या घरात गाडीच्या मागं बाई असती आन् पुढं गडी, आन् हे कुणी ठरवलं न्हाई, आपसूक झालंय, म्हून मोडायला बी कुणी येत न्हाई. मी गाडी विकून मोडणार होते. आता तूच आलीस तर — आता गाडी घेतंय कोण?

मोटारसायकल वाजली का गं? वाजली. आले! इतक्या लवकर! रुमाल बांध, बांध, तोंड झाक, च्या ठेव ताटलीखाली. तू — तू सर्वेला आलीस. सरकारी सर्वे. वही हाय का? मोबाइलमधी लिव. — आलात व्हय? मिळाली का कव्हरं? आगं बाई, लाल! वाघाची पट्टी बी हाय का? छान छान. — ही? ही सर्वेवाली बाई हाय, घरात माणसं किती, वाहनं किती, विचारायलीय. लिव गं बाई, वाहन एक, चारचाकी, स्वतःची. — व्हय, सांगते की समदं, बरोबरच सांगते. — आत्ताच? रईसकडं? जेवून तरी जा. बरं, कव्हरं आत्ताच बसवून घ्यायचीत. बरं. — हां, आले. आले ओ.

बघितलंस? नुसतं 'विमल, चल' म्हणले आन् पाय उठले माझे. पदर बी खोचला गेला आपोआप. बघ हा हात, मी न सांगता खोचायलाय.

न्हाई.

—न्हाई म्हणलं. न्हाई म्हणजे न्हाई लावत हात. खांदा न्हाई दुखत, काय बी दुखत न्हाई, चांगला ठणठणीत हाय खांदा. इज्या, उतर रे खाली, बापाला बसू दे. तू ढकल. — लोक? कुठं हायेत लोक, एक सर्वेवाली हाय. बघू दे की तिला. लिवून बी घेईल. — ओ इज्याचे बाबा, आवाज चढवू नका, गाडी कुणाच्या नावावर हाय? जोतिष्याला विचारा. माझ्या गाडीला कुणी ढकलायचं ते मी सांगणार. आन् सरका तिकडं, मी पुढं बसते. — उमेदवाराची सीट हाय तर काय झालं, तो तर पडला. मी अजून उभी हाय. सरका.

बाई बाई, किती मऊ हाय ही सीट. सत्तावीस वर्षं... बरं. इज्या! डावा खांदा लाव फळीला. उजवा न्हाई, डावा. पाय दगडात आडकव — तो मधोमध झिजलेला, दिसला का? हां. गॉगल काढ आधी, फुटंल. हां... आजून... आजून! — हालली! अवं क्लच सोडा की, बघताय काय माझ्याकडं — हिसका — पेटली! गेला धूर! समदा शर्टावर, पांढराच घातलाय मेल्यानं, तोंड बघा, नुसते दोन डोळे राहिलेत! न्हाई, थांबवू नका, थांबवली तर बंद पडंल. त्येला चढायचं न्हाई, राहू दे तो हितंच.

ओ बाई! ओ सर्वेवाल्या बाई! — ऐकू येत न्हाई ह्यांना, ह्या आवाजात — तिकडं रांजणात पाणी हाय! त्या पोराला तांब्याभर दे तोंड धुवायला! द्यावं वाटलं तर रुमाल सोडून दे! न्हाई वाटलं तर तुझ्या स्कूटीचं बटन दाब आन् जा माय — मी कुणाला सांगायची न्हाई!